गुंडप्पाअण्णांचं जू

देवणीत कुणी पाहुणा आला की गुंडप्पाअण्णा पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी विचारतात, "तुमच्याकडं जुवाला काय म्हणतेत?" पाहुणा उदगीरचा असला तरी सुटका नाही. बैलांच्या खांद्यावरच्या या लाकडाचं अण्णांना एवढं वेड का, हे मला ठाऊक आहे. मी त्यांचा शेजारी, सगळं डोळ्यांदेखत घडलेलं.

बहात्तरचा दुष्काळ. विहिरींचे तळ उघडे पडलेले. अण्णांची देवणी जातीची बैलजोडी अशी की दृष्ट काढावी, पण तिला पाजायचं काय? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी जोडी न्यायला येणार होता. अण्णांनी तसा शब्द दिला, आणि त्या दिवसापासून शिवगंगाअक्कांनी नवऱ्याशी बोलणं टाकलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी. अण्णांनी बैलांच्या खांद्यांना हळद-तूप चोळलं आणि रिवाजाप्रमाणे त्यांच्या कानाशी म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाया या."

मागून आवाज आला, "हाव, येतो."

गावात बोअर पाडायला चार परदेशी माणसं आली होती. त्यांतला हा डिटर, जर्मन. पाडलेले दोन्ही बोअर कोरडे गेले, म्हणून मशीन घेऊन निघायच्या आधी तो निरोप घ्यायला आला होता. मराठी त्याला बेताचीच यायची. पण 'जेवाया या' एवढं पक्कं कळायचं. गावोगाव त्यावरच तर त्याचं पोट भरलं होतं.

आता बैलांचं आवतण माणसानं घेतलं, तर त्याला नाही कसं म्हणायचं? अण्णांनी चुलीकडं पाहिलं. इतक्या दिवसांनी अक्का चुलीपाशून बोलल्या, "येऊ द्या. हाय त्येवढं पुरण घालते."

दुसऱ्या दिवशी चौघेही आले. आधी बैल जेवले, मग पाहुणे. डिटरनं भिंतीला टेकवलेल्या लाकडाकडे बोट केलं. अण्णा म्हणाले, "जू." डिटर हसायलाच लागला. "आमच्यात योख." इंग्रज म्हणाला योक, इटलीचा म्हणाला जोगो. फ्रेंच माणसानं तोंडातला घास गिळला आणि सांगितलं, "झू."

"ह्यो तर आपल्याच गल्लीतला निघाला," अण्णा म्हणाले.

डिटरनं मोडक्यातोडक्या मराठीत समजावलं की हजारो वर्षांपूर्वी या सगळ्यांची बोली एकच होती. माणसं पांगली, जाताना शब्द घेऊन गेली. अण्णांना ते लई पटलं.

"म्हंजी तुमचा आजा अन् माझा आजा एकाच जुवाला बैल जुंपत व्हते," ते म्हणाले, आणि उठून जुवावर हात ठेवला. "उद्या माझं जू रिकामं व्हतंय, बाबा."

पाहुणे आपसात काहीतरी बोलले. दुसऱ्या दिवशी ते निघाले नाहीत. मशीन सरळ अण्णांच्या गोठ्यामागं लावली. व्यापारी दोर घेऊन दारात उभाच होता, तेवढ्यात गढूळ पाण्याचा फवारा उडाला आणि तोही नखशिखांत भिजला. त्यानं पोटभर पाणी पिऊन दोर खांद्यावर टाकला. "जोडी ऱ्हाऊ द्या अण्णा," म्हणाला आणि गेला. त्या दिवशी गावानं पाण्याची रंगपंचमी खेळली.

ब्याऐंशीत लातूर जिल्हा झाला, आणि त्याच आठवड्यात पोळा आला. खांदेमळणीला मी गोठ्यात होतो. अण्णांनी बैलांना आवतण दिलं आणि सवयीनं मागं वळून पाहिलं. आत अक्का डाळ निवडत होत्या.

"अक्का, दोघांच्या घरात एवढी डाळ?" मी विचारलं.

"चौघांची जास्तीची," त्या म्हणाल्या. "आवतन घेतलेली माणसं हायेत. कवा बी येतील."