शांताबाईंच्या मोरीतलं पाणी

सोमवार, फेब्रुवारी १९८६, सकाळचे साडेनऊ. ठिकाण: पूर्णा, बाबारावांचं जुनं दगडी घर. हजर: मी, म्हणजे पाइप फिटिंगचा लायसन्सवाला कॉन्ट्रॅक्टर; माझे मिस्त्री रहीमभाई; घरमालक बाबाराव; त्यांच्या पत्नी गयाबाई; आणि पुढच्या खोलीतल्या भाडेकरू शांताबाई. त्यांचे यजमान रेल्वेत पार्सल क्लार्क. ते ड्यूटीवर होते.

शांताबाईंच्या मोरीत घोट्याइतकं काळं पाणी उभं होतं. ते खोलीत शिरू नये म्हणून त्यांनी उंबऱ्याशी पोती लावली होती. गाद्या, गव्हाचा डबा, मुलीची दहावीची पुस्तकं, सगळं कॉटवर चढवलेलं.

"हे लोक दिवाळीत आल्यापास्नं तिसऱ्यांदा तुंबलीय," बाबाराव म्हणाले. "मी सांगून टाकलंय, एक तारखेला खोली मोकळी करा. तुमी फक्त कारण लिहून द्या. म्हंजे उगं तोंडातोंडी नको."

मुलगी मार्चमध्ये परीक्षेला बसणार होती. रेल्वे क्वार्टरचा नंबर लागला नव्हता. शिवाय हे बौद्ध कुटुंब. त्या वर्षांत गावात खोली रिकामी असली तरी आडनाव ऐकलं की ती भरलेली निघायची.

मी डायरी काढली. एका कामाला एक पान, ही माझी पद्धत. तक्रार, कारण, उपाय. 'कारण'पुढे मी लिहिलं: भाडेकरूची मोरी. पाणी तिथंच दिसत होतं, म्हणून लिहिलं.

मग लाइन पाहिली. लाइन म्हणजे जमिनीखालचा सांडपाण्याचा पाइप. या घरात ती एकच होती. मागच्या बाजूच्या स्वयंपाकघरातून निघायची, शांताबाईंची मोरी वाटेत घ्यायची आणि अंगणाखालून रस्त्याच्या गटारीला मिळायची.

मी गयाबाईंना त्यांच्या मोरीत बादलीभर निळीचं पाणी ओतायला सांगितलं. त्यांनी ओतलं. थोड्या वेळात शांताबाईंच्या मोरीतलं पाणी निळसर झालं आणि बोटभर चढलं. मी 'कारण'पुढचा मजकूर खोडला.

"म्हंजे?" बाबारावांनी विचारलं.

"तुंबलेलं पाणी ज्यानं तुंबवलं त्याच्याकडं जात नाही. ज्याची मोरी सगळ्यात खाली, त्याच्याकडं येतं. तुमचं स्वयंपाकघर दीड फूट उंच आहे."

"पाणी आमचं असंल. बोळा त्यांचाच निघणार."

रहीमभाईंनी बांबूची लांब पट्टी शांताबाईंच्या मोरीतून रस्त्याच्या दिशेनं सारली. ती अडली तिथं खूण केली, पट्टी बाहेर काढून अंगणात आडवी ठेवली. जिथं खूण, तिथं चोकअप. अशानं एकच शहाबादी फरशी उचलावी लागते, सगळं अंगण फोडावं लागत नाही. खाली पाइपचा सांधा सापडला. सांधा उघडून रहीमभाईंनी पहारीनं एक ढेकूळ काढलं. करडं, दगडासारखं, मधून नारळाच्या शेंड्या बाहेर आलेल्या.

"साब, ये तो राख है," ते म्हणाले. "तेल पी-पी को सिमेंट बन गई."

राखेनं भांडी घासली की लख्ख निघतात. पण राख पाण्याबरोबर लांब जात नाही. पाइपचा उतार कमी झाला की खाली बसते. वरून तेल-तूप आलं की घट्ट होते. हा थर दोन-चार महिन्यांचा नव्हता.

"राखेनं काय आमीच घासताव का?" गयाबाई म्हणाल्या. "ह्या बी घासत असतील."

शांताबाई पोती ओलांडून अंगणात आल्या.

"राख कुठून आणू, काकू? माझ्या घरात स्टोव्ह हाय. आल्या आल्या तुमच्याकडं वाटीभर मागितली होती. तुमी म्हणलात, चुलीची राख घराबाहेर देत न्हाईत, लक्ष्मी जाती."

"त्या दिवशी मंगळवार होता."

"बुधवारी बी मागितली होती."

गयाबाई पदर सारखा करायला लागल्या. बाबारावांनी खड्ड्यात वाकून पाहिलं.

"घ्या," ते बायकोला म्हणाले. "सगळी लक्ष्मी पायपात साठवलीया."

दोन घमेली राख निघाली. तीन वाजता लाइन मोकळी झाली. शांताबाईंनी मोरीत बादली ओतली, पाणी गुडगुड करत गेलं. त्यांनी दुसरी ओतली. तिसरीचं काही काम नव्हतं, तरी ओतली आणि पाणी जाताना बघत उभ्या राहिल्या.

"एक तारखेचं ऱ्हाऊ द्या," बाबाराव म्हणाले. म्हणाले माझ्याकडं बघून. "पोरीची परीक्षा होऊ द्या. मंग बघू."

शांताबाईंनी उंबऱ्यावरची पोती उचलून उन्हात टाकली आणि स्टोव्हला पंप मारला. मी आणि रहीमभाईंनी चहा घेतला. बाबारावांनी आज सोमवारचा उपास आहे म्हणून सांगितलं. उपासाला चहा चालतो, हे तिथं सगळ्यांनाच माहीत होतं.

त्यांचं ते 'मग' काही आलं नाही. मुलगी पास झाली. क्वार्टर मिळेपर्यंत, चार वर्षं, ते कुटुंब तिथंच राहिलं. मी तेव्हापासून 'कारण' हा रकाना फरशी उचलल्यावरच भरतो.

त्या पानावरचे उपाय असे. लाइन साफ करणे: झालं. गयाबाईंच्या मोरीला जाळी: बसवली. राखेला वेगळं घमेलं: ठेवलं. पुढच्या खोलीच्या मोरीला गटारीपर्यंत स्वतंत्र पाइप, अंतर चौदा फूट: बाबाराव म्हणाले, उन्हाळ्यात करू. त्या खोलीत आता तिसरे भाडेकरू आहेत. पाइप टाकायचा बाकी आहे.