लाल रेघ नसलेला लेख

आमच्या जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर मराठी शिकवते. जेवढे तास घेतले तेवढंच मानधन, आणि दर जूनला नव्याने मुलाखत. विभागप्रमुख नोकरीसाठी बाहेरून इकडे आलेले, इथेच केस पिकलेले. वार्षिक अंकाचं संपादन त्यांच्याकडेच असतं.

पहिल्या वर्षी त्यांनी माझ्याकडे लेख मागितला. मी आईवर लिहिला. आई आमच्या गावी, रनाळ्याला असते. आमच्या शेतात मिरची असायची, आणि हंगामात आई मजूर बायांबरोबर दिवसभर देठ खुडत बसायची. मी शाळेतून आले की तिच्याकडे धावायचे, तर ती दोन्ही हात वर करून म्हणायची, "मन्हा हातले मिरची शे. जवय येऊ नको." लेख सगळा त्या वाक्याभोवती होता.

घरी लॅपटॉपवर टाइप करताना आईच्या प्रत्येक वाक्याखाली लाल नागमोडी रेघ उमटायची. 'शे'वर क्लिक केलं तर 'शेत, शेण, शेर' असे पर्याय यायचे. मी रेघा तशाच राहू दिल्या. यंत्राला अहिराणी येत नाही, एवढंच, असं वाटलं.

सरांनी फाइल स्टाफरूममधल्या कॉम्प्युटरवर उघडली आणि मला बोलावलं.

"मॅडम, हे काय? तुम्ही मराठीच्या प्राध्यापक. निदान तपासणी तरी चालवायची."

"सर, ती आई बोलतेय. ती असंच बोलते."

"बोलू दे की. पण अंक विद्यापीठाकडे जातो. तिथे लोक म्हणतील, या विभागात शुद्धलेखनाचा पत्ता नाही."

ते माउस हातात घेऊन बसले. शोधायचं, बदलायचं, 'सगळीकडे बदला'. मी खुर्चीच्या मागे उभी होते. 'मन्हा'चं 'माझ्या' झालं, 'शे'चं 'आहे' झालं. शेवटची रेघ गेली तेव्हा ते म्हणाले, "बघा, कसा स्वच्छ दिसतोय." मी हो म्हणाले. मुलाखत तेच घेणार होते.

अंक आला तेव्हा मी तो घेऊन रनाळ्याला गेले. आईला चष्मा लावूनही बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवला. ती पाय पसरून मन लावून ऐकत होती. "माझ्या हाताला मिरची आहे, जवळ येऊ नकोस," इथे मी आले तेव्हा तिने मला थांबवलं.

"हाई बाई कोन शे?"

"तूच ना माय."

"मी आसं कवय बोलनू?" ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "मन्हं बोलनं खराब शे का?"

मी नाही म्हणाले. तिला ते पटलं नाही. त्यानंतर माझ्या नवऱ्याचा फोन आला की ती अडखळत शाळेतलं मराठी बोलू लागली, आणि दोन वाक्यांत फोन ठेवून देऊ लागली.

मी हट्टाला पेटले. वर्षभर प्रश्नपत्रिका, नोंदी, अर्ज, सगळं तपासणी चालू ठेवून टाइप केलं. रेघ आली की पर्यायावर क्लिक करायचं नाही, कोश काढायचा, नियम बघायचा, शब्द स्वतः दुरुस्त करायचा. ऱ्हस्व-दीर्घ पक्कं झालं. हळूहळू रेघा कमी झाल्या, आणि दिवाळीनंतर पानंच्या पानं कोरी जाऊ लागली. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या वर्षीचा लेख पपईचे ट्रक भरणाऱ्या माणसांवर होता. कागदात गुंडाळलेली पपई, गवताचे थर, दिल्लीकडे जाणारे ड्रायव्हर. त्या लेखात मी कोणालाच बोलू दिलं नव्हतं.

सरांनी पुन्हा बोलावलं. स्टाफरूममध्ये चहा चालला होता.

"मॅडम, कुठलं ॲप वापरलंत?"

"कुठलंच नाही, सर."

"अहो, लपवायचं कशाला, हल्ली सगळेच वापरतात. पण आपल्याला अंकात तसलं छापता येत नाही. सबंध लेखात एक लाल रेघ नाही."

"मीच लिहिलाय, सर. एम.ए. मराठीच आहे माझं."

"ते आहेच हो." ते समजूत घातल्यासारखं हसले. "पण इकडच्या मुलांचं लेखन मी वर्षानुवर्षं तपासतोय. इतकं निर्दोष इकडे कोणी लिहीत नाही."

मी तिथून उठायला हवं होतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक फुलस्केप काढून माझ्यापुढे सरकवला. "एक पान लिहून दाखवा. कशावरही. मग माझी काही हरकत नाही."

मी लिहायला बसले. इतिहासाचे सर, लायब्ररीतल्या मॅडम, सगळे बशीत बिस्किटं घेऊन आपापलं बोलत होते, आणि मधूनमधून बघत होते. मी शिकवते त्या वर्गातल्या मुली दारातून हजेरीपट न्यायला आल्या आणि मला मान खाली घालून लिहिताना बघून थबकल्या. मी घाईने लिहीत गेले, पुन्हा वाचून पाहिलं नाही. काय लिहिलं ते आज आठवतही नाही.

सरांनी पान वाचलं. पेन काढून 'आणी'ला गोल केला, 'परंतू'ला गोल केला. चेहरा मोकळा झाला त्यांचा.

"हं. आता हे तुमचं वाटतं. हेच टाइप करा, तपासणी चालवा आणि उद्या द्या."

मी कागदाची घडी केली आणि नंदुरबारची बस पकडली. प्रकाशा गावाजवळच्या पुलावर गाडी रेंगाळली तेव्हा वाटलं, कागद तापीत टाकावा. खिडकी जाम होती. घरी नवरा म्हणाला, "दोन चुकांचं काय एवढं, देऊन टाक की." मी दिला नाही. पपईचा लेखही छापला गेला नाही. अंकात माझं नाव फक्त कर्मचाऱ्यांच्या फोटोखाली आलं.

जूनमध्ये मुलाखत झाली. मराठीला दुसरं कोणी आलंच नव्हतं, म्हणून मी पुन्हा लागले. विषयवाटपात सरांनी मला 'बोलीभाषांचं महत्त्व' हे प्रकरण दिलं. "तुमच्या जवळचा विषय," ते म्हणाले. सोमवारपासून मी ते शिकवते आहे. मुली वहीत उतरवून घेतात आणि मला काही विचारत नाहीत.