कॉलरला माईक लावला की

लातूरच्या एका लोकल केबल चॅनलवर मी पाहुण्यांना माईक लावायचो. कॉलरला क्लिप लावायची म्हणजे पुढाऱ्याच्या इतकं जवळ जावं लागतं, की त्यानं काय खाल्लंय तेसुद्धा कळतं! असे किस्से कुणी जमवत नाही, अंगावर धूळ बसते तसे बसतात. त्या दुष्काळाच्या सालात तर धुळीला काय तोटा! चर्चेचे विषय दोनच: पाणी कधी येणार, अन् नवा जिल्हा कधी होणार.

•

एका नेत्यांचा आश्वासन देताना हात हमखास कानाच्या पाळीला जायचा. आमचा कॅमेरामन रज्जाकभाई, त्यानं ते आधी हेरलं अन् घरी सांगितलं. औशाच्या लाइव्ह चर्चेत नेते म्हणाले, "चार दिवसांत नळाला पाणी!" अन् पाळी चोळली.

तिकडं रज्जाकभाईची अम्मी टीव्हीसमोरून उठली. सुनेला म्हणाली, "कानकू हात लगाया देख! चल, घागरी उठा, बोअरपे नंबर लगा!"

महिना झाला, नळाला थेंब नव्हता.

•

नव्या जिल्ह्याची चर्चा. एका तालुक्याचे नाना आलेले. समोरचा काहीही बोलो, मान डोलावत "हाव, हाव" करायची त्यांना सवय. मी म्हणालो, "नाना, मान तेवढी सांभाळा."

"हाव, हाव!"

चर्चेत विरोधक ओरडला, "ह्यांनाच जिल्हा नको हाय! ह्यांनीच तालुक्याचं वाटोळं केलं!"

नानांची मान स्क्रीनभर डोलली. "हाव, हाव!"

तेवढाच तुकडा मोबाइलवर फिरला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यासाठी उपोषणाला बसलेल्या नानांना पोरांनी मंडपातून उठवलं. मी शूटिंगला तिथंच होतो. चप्पल शोधत नाना म्हणाले, "सारी उमर जिल्हा मागून राहिलो रे मी."

•

ब्रेकमध्येही माईक चालू असतो, हे पुढारी विसरतात. एक सभापती टेबलावर मूठ आपटून सांगत होते, "टँकरमध्ये राजकारण करणाराला सोडणार न्हाई!" ब्रेक झाला. त्याच हातानं त्यांनी फोन लावला. मला हेडफोनमध्ये ऐकू आलं, "होस्टेलचा टँकर आज कुंभार गल्लीत वळवा. मतं तिथं हायत."

कुंभार गल्ली म्हणजे माझीच गल्ली.

घरी गेलो तर बायको खुशीत. "आज टँकर आला! दोन पिंपं भरून घेतली."

मी त्याच पाण्यानं आंघोळ केली.

•

सुजाताताई नगरसेविका म्हणून पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. आल्या आल्या सगळ्यांना जय भीम केला अन् बसल्या त्या हात पदराखाली घेऊन. मुद्दे बिनतोड, पण हात काही बाहेर येईनात. ब्रेकमध्ये अँकर म्हणाला, "ताई, हात लपवू नका. कॉन्फिडन्स कमी वाटतो."

ताईंनी तळवे पुढं केले. फोडच फोड!

"पहाटेपासून विहिरीचा दोर ओढून राहिले. दाखवले तर म्हणतील, बाई नाटक करून राहिली."

रज्जाकभाईनं पुढचा सगळा कार्यक्रम खांद्यापर्यंतच्या फ्रेममध्ये घेतला.

•

अन् ही देगलूरची गोष्ट. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका साहेबांनी मुंबईहून ट्रेनर आणला होता. ऐकताना पुढं झुकायचं, तळवे उघडे धरायचे, मान हळू हलवायची. माणूस प्रामाणिक वाटतो म्हणे!

प्रेक्षकांतून एक म्हातारी उठली. मी तिच्यापुढं माईक धरला.

"टँकरनं विहिरीत पाणी सोडलं," ती म्हणाली. "समदे पोहरे घेऊन धावले. विहिरीला कठडा न्हाई. लोटालोटीत माजी नात आत गेली. नववीत होती."

साहेब पुढं झुकले. तळवे उघडे. मान हळूहळू हलू लागली. सगळं एकदम बरोबर! मागं उभ्या ट्रेनरनं अंगठा वर केला.

म्हातारी त्या तळव्यांकडं बघत राहिली.

"माजं झालं साहेब," ती म्हणाली. "आता हात खाली घ्या."