आईने आवरलेलं टेबल

कापराचा वास आला की अमेरिकेत प्लेनोतल्या माझ्या घरातली ती संध्याकाळ आठवते. आई नुकतीच नागपूरहून आली होती. मी विच आहे, म्हणजे निसर्ग पुजणाऱ्या इथल्या एका पंथातली, चंद्राच्या कला पाळते, ऋतू बदलला की पूजा मांडते, हे तिला सांगितलं नव्हतं. आपल्याकडे विच म्हणजे चेटकीणच. ऑफिसातून आले तर दारातच कापूर दरवळत होता. माझ्या खोलीतलं पूजेचं टेबल लख्ख पुसलेलं होतं. चंद्रदेवीच्या मूर्तीला हळदकुंकू लावलेलं, पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवलेलं पाणी तुळशीला घातलेलं, आणि विचक्राफ्टची इंग्रजी पुस्तकं पोथ्यांसारखी लाल कापडात बांधलेली. वाटीत ताजा झेंडू होता. "यातल्या सुकलेल्या पाकळ्या कुठेत?" मी विचारलं. "निर्माल्य ना ते? बाहेर झाडाखाली टाकलं. इतकी शिळी फुलं देवापुढे ठेवतात का गं?" मला या वाटेवर आणणारी मैत्रीण गेली, तेव्हा तिच्या शवपेटीवरून उचललेल्या पाकळ्या होत्या त्या. मी धावत बाहेर गेले, पण लॉनवाल्यांचा पाचोळा उडवणारा ब्लोअर केव्हाच फिरून गेला होता. परत आत आले तर आई फोनवर मावशीला सांगत होती, "अगं, पोरगी इथंही देवाचं करते. मी उगाच काळजी करत होते." तिचा इतका हलका आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. अजूनही ती दर रविवारी फोनवर विचारते, "शिळी फुलं काढतेस ना गं रोज?" मी हो म्हणते, आणि ते खोटंही नसतं, त्या वाटीत जपून ठेवावं असं आता काही उरलेलंच नाही.