नाथाजी हवालदारांची पाच मिनिटांची आंघोळ

नाथाजी हवालदार पाच मिनिटांत आंघोळ करतात, हे मलकापूरच्या आसपास सगळ्यांना ठाऊक होतं. ज्याला ठाऊक नसेल त्याला ते स्वतः सांगत. दहा मिनिटांत दाढी, पाच मिनिटांत आंघोळ. माणूस वेळेनं वागला तर एका दिवसाचे दोन करतो, असं ते चावडीच्या कट्ट्यावर रोज दोन-दोन तास समजावून सांगत.

ती पाच मिनिटांची आंघोळ उभी करायला त्यांच्या बायकोला, विजयमालेला, पाऊण तास लागे. आडाचं पाणी ओढायचं, ओली लाकडं फुंकायची, साबण उजव्या हाताला, धोतर डाव्या. मग हवालदार येणार, घड्याळ कोनाड्यात ठेवणार आणि पाच मिनिटांत मोकळे.

पलटणीत त्यांनी अठरा वर्षं काढली, त्यातली सोळा पुण्याच्या कोठारात कांबळी मोजण्यात. लढाई पाहिली नव्हती, पण साहेबाचं घड्याळ पाहिलं होतं. पेन्शनीत येताना तसलंच एक मनगटावर बांधून आणलं. जर्मनीच्या लढाईपायी सरकारनं घड्याळं तासभर पुढं केली, तसं यांनीही केलं. कोंबडा जुन्याच वेळेला आरवत राहिला. त्याला ते बेशिस्त म्हणत.

एकोणीसशे चव्वेचाळीसच्या आषाढात त्यांनी घराचं वेळापत्रक लिहायला घेतलं. तांबडी-निळी पेन्सिल, पट्टी, पुठ्ठा, तीन दिवस. उसात तण माजलं होतं, भांगलण तोंडाशी आली होती. ती तेवढ्यात विजयमालेनं दोन बाया घेऊन उरकली. चौथ्या दिवशी पत्रक भिंतीवर चढलं. साडेचारला शिट्टी, पावणेपाचला दळण. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून हवालदार वाचून दाखवत आणि घड्याळ हातात धरून जात्याशेजारी उभे राहत.

"एवढं दळाय बावन्न मिण्टं? चाळीसात झालं पायजे."

"मग खुट्याला तुमीबी हात लावा की."

पत्रकात त्या वेळेला हवालदारांच्या नावापुढं 'देखरेख' लिहिलेलं होतं.

यंदा विजयमालेचा जीव एकाच गोष्टीत अडकला होता. तिचं माहेर शिराळ्याचं. तीन सालं ती नागपंचमीला गेली नव्हती, आणि आईच्या डोळ्यांत फूल पडत चाललं होतं. यंदा तुझं तोंड तिला दिसेल, पुढच्या सालाचं सांगता येत नाही, असा भावानं, आकारामनं, निरोप धाडला होता. हवालदार म्हणाले, जा, पण पंधरा दिवस पत्रक चुकता कामा नये. तिनं चुकवलं नाही. हवालदार घोरत असताना उठून ती थोडं दळून ठेवी, आणि शिट्टीनंतरचं दळण चाळीस मिनिटांत बसे. पत्रकाचा गुण, हवालदार म्हणाले.

पंचमीला दोन दिवस उरले. आकाराम आदल्या सांजेलाच बहिणीला न्यायला आला होता. पेट्रोल मिळत नव्हतं. कोळशाच्या धुरावर चालणारी एक मोटार दिवसाआड नाक्यावरून शिराळ्याकडं सुटायची. वेळ नवाची. विजयमाला सातलाच गाठोडं बांधून सोप्यात उभी राहिली. हवालदारांनी बसायला सांगितलं. निघायचं साडेआठला, पोचायचं आठ-पन्नासला. आधी जाऊन ताटकळणं म्हणजे वेळेची नासाडी.

आकाराम चुळबुळला. "दाजी, सणाची गर्दी हाय. भरली की सुटती ती. घड्याळ बघत न्हाई."

"पाव्हणं, नऊ म्हंजे नऊ."

तिघं नाक्यावर पोचले तेव्हा घड्याळात आठ-पन्नासच झाले होते. मोटारीच्या जागी कोळशाची राख होती. सव्वाआठलाच भरून गेली, टपावरसुद्धा माणसं होती, असं पानवाल्यानं सांगितलं. पुढची मोटार ऐन पंचमीला, आणि तीही डायवर सण सोडून आला तर.

हवालदारांचा चेहरा पडला नाही. चूक मोटारवाल्याची होती, आपण वेळेवर होतो. राहता राहिली तिची रजा. ती पत्रकात आजपासून तीन दिवस धरली होती, आता ती वाया गेली. पुढच्या साली बघू.

"चला माघारी. अकराला जेवण हाय."

विजयमालेनं पदर खोचला, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि शिराळ्याच्या वाटेला लागली.

"अगं, बारा कोस हाय!"

"ठावं हाय. वाटंत मुक्काम करू. न्हाईतर एखादी बैलगाडी गावंल."

"आन् अकराचं जेवण?"

ती वळली. "पत्रकात हाय न्हवं? मग हुईल की."

आकाराम हसू दाबत तिच्या मागं निघाला. फर्लांगभर गेल्यावर त्यानं गाठोडं मागितलं. तिनं दिलं नाही.

"आक्का, जरा दमानं. आपल्याला काय घाई हाय?"

"आईला दिवं लागल्यावर दिसतं का रं?"

"न्हाई. सांजंपातूर दिसतं, तेबी दारात बसली तर."

"मग उद्या सांजच्या आत पोचायचं," ती म्हणाली आणि तिनं पाय उचलला.