बादशहाशी इमान

मी दवनीवाड्याच्या शाळेत तिसरीत गेलो, तेव्हा देश स्वतंत्र व्हायला वर्षभराचा अवकाश होता. त्या साली गुरुजींनी आमचं बालवीर पथक उभं केलं. खाकी चड्डी, गळ्यात निळा रुमाल, हातात बांबूची काठी. दर शनिवारी रांगेत उभं राहून आम्ही ओरडायचो, "देवाशी आणि बादशहाशी इमान राखीन." बादशहा समुद्रापलीकडे राहतो आणि त्याला आपली काळजी असते, असं गुरुजी सांगत. मला ते अगदी खरं वाटे. जेवायला बसलो की मी मनातल्या मनात त्याला आधी वाढायचो.

पुढच्या पावसाळ्यात एकदा माय बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, धानाची रोवणी करून घरी आली. मी आरशासमोर सलाम ठोकत होतो.

"कोनाले सलाम करून राहिलास?" तिनं पाय धुता धुता विचारलं.

"बादशहाले."

"तो आपल्या बांधीतल्या चिखलात कधी उतरला काय?"

मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी तिच्याशी बोललो नाही.

थोड्याच दिवसांत स्वातंत्र्य आलं. आदल्या दिवशी गुरुजींनी आम्हाला नवी शपथ दिली. चाल तीच, शब्द तेच, फक्त बादशहाच्या जागी देश. सकाळी सारा गाव शाळेपुढे जमला. झेंडा फडकवायला जेलात जाऊन आलेले एक म्हातारे शेतकरी आले होते. झेंडा वर गेला, गुरुजी म्हणाले, "पथक, शपथ," आणि आम्ही सगळ्यांनी छाती फुगवून एका सुरात बादशहाशी इमान राखून टाकलं.

आधी माझी माय पदर तोंडाला लावून हसू लागली. तिच्यामागून बाया हसल्या आणि मग सारं पटांगण. गुरुजींचा चेहरा मात्र उतरला.

म्हातारबाबा रांगेजवळ आले. पहिला मीच होतो.

"काऊन रे, त्या बादशहानं तुले काय देल्लं?"

मी विचार करून म्हणालो, "रुमाल."

बाबा हसता हसता त्यांच्यासाठी टाकलेल्या खाटेवर बसले. गुरुजी हात जोडून त्यांच्यापुढे उभे राहिले.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "माझ्याकडूनही लहानपणी शपथ अशीच पाठ करून घेतली होती. मी तशीच पुढे दिली."

"मंग आता पाठ नोका करून घेऊ," बाबा म्हणाले. "आधी पोराईले समजू द्या, कोनाशी इमान राखाचा आहे."

पुढच्या शनिवारी गुरुजींनी आम्हाला चिंचेखाली बसवलं आणि विचारलं, "देश म्हणजे काय?" एक जण म्हणाला, गोंदियाचं स्टेशन. दुसरा म्हणाला, मामाचं गाव. माझ्या मते जिथवर आगगाडी जाते तो सगळा देश. गुरुजींनी कोणालाच चूक म्हटलं नाही. उलट रेल्वे कुठवर जाते, वाटेत कोण कोण राहतं, ते काय खातात, हे सांगण्यात त्यांचे बरेच शनिवार गेले. आम्हाला ते कवायतीपेक्षा आवडू लागलं. तरी खरं सांगायचं तर बादशहाची मला पुष्कळ दिवस आठवण येई. त्याला जेवायला वाढणं एकदम कसं थांबवायचं?

धान कापून झाल्यावर आम्ही नवी शपथ घेतली. आवाज एका सुरात आला नाही. कोणी मागे राहिलं, कोणी पुटपुटलं, एकानं तर मध्येच थांबून गुरुजींना शंका विचारली. गुरुजींनी शपथ थांबवली आणि आधी त्याला उत्तर दिलं.