सेटमधली शीळ

माझ्या बायकोला दोन सवती आहेत. दोघीही कमरेइतक्या उंच, अंगानं भरलेल्या आणि बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांना मी पुण्याहून टेम्पोत गाद्या अंथरून आणलं. सोबत एक अॅम्प्लिफायर होता, तो उतरवताना माझ्या कमरेत उसण भरली आणि चार दिवस मी सेट आडव्यानंच ऐकला. स्पीकरना सवती हे नाव बायकोनंच दिलं. तरी त्यांच्यावरची धूळ ती स्वतःच पुसते, कारण माझ्या पुसण्यावर तिचा विश्वास नाही.

बीडमध्ये आमचं भांड्यांचं दुकान आहे. तांब्यापितळेच्या भांड्याला टिचकी मारायची, कान द्यायचा आणि ते निर्दोष आहे की त्यात केसाएवढा तडा आहे ते सांगायचं, हा माझा धंदा. खरं म्हणजे माज. शिरूर कासारपासून दिंद्रुडपर्यंतची माणसं लग्नाची भांडी घ्यायला यायची आणि म्हणायची, "अप्पा, तुमी वाजवून द्या." आता दुकान मुलगा बघतो. मी सकाळी दोन तास नुसत्या टिचक्या मारायला जाऊन बसतो. दुपारी दुकान बंद, जेवण, आणि मग दोन तास सवतींच्या सहवासात. त्या वेळात घरात कुणी मिक्सर लावला तर मी जेवण सोडून देईन अशी धमकी देऊन ठेवलेली आहे. ती अजून कुणी मनावर घेतलेली नाही.

गेल्या वर्षी सेटमधून शीळ यायला लागली. बारीक, एकसुरी, लांब कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी अडकून बसावी तशी. शिवाय आवाजाची धारही गेली होती. गाणारी बाई गोधडीतून गातेय असं वाटायचं. रात्री अंथरुणावर पडल्यावरही शीळ यायची, पण ती मी रातकिड्यांची समजत होतो. ऐन उन्हाळ्यात आमच्या गल्लीत एवढे रातकिडे कुठून आले, हा प्रश्न मला पडला नाही. बायकोला विचारलं, तर तिला सेटमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. मी मनात म्हटलं, हिला कधी सुरातलं काही कळलंय?

असला सेट उघडायचा हात गावात एकाचाच. बसस्टँडमागं त्याचं दुकान आहे. रेडिओपासून देवळाच्या भोंग्यापर्यंत सगळं तो दुरुस्त करतो. वयानं माझ्याएवढाच, ओळख तीस वर्षांची. सगळं गाव त्याला उस्ताद म्हणतं, मीही म्हणतो. पहिल्यांदा सेट नेला तेव्हा त्यानं आतली धूळ उडवून स्पिरिटनं सगळं पुसून दिलं. दुसऱ्यांदा आवाजाचं बटणच बदललं. तिसऱ्यांदा सेट चार दिवस आपल्या टेबलावर लावून ठेवला आणि मला बोलावणं पाठवलं.

"अप्पा, ह्याच्यात कायबी न्हाई. चार दिवस ऐकायलोय."

"मग शीळ कावून येती बे?"

"मला न्हाई येत."

तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "आतला ओरिजनल पार्ट हाय ना जागेवर?"

आमच्याकडं दुरुस्तीला टाकलेली कुठलीही वस्तू परत घेताना माणूस ही शंका मनात धरूनच जातो. घड्याळवाल्यावर धरतो, पंपाच्या मोटारीत तार भरणाऱ्यावर तर हमखास धरतो. पण ती पाठीमागं बोलायची असते. तोंडावर, तेही तीस वर्षांच्या माणसाला, कुणी विचारत नाही. उस्तादानं झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले, वरून फडकं फिरवलं आणि म्हणाला, "घिऊन जावा." पैसे घेतले नाहीत. माझ्याकडं बघितलंही नाही.

एवढ्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण संध्याकाळी हॉटेलात चहा पिता पिता उचलली जीभ लावली टाळ्याला. उस्तादानं माझ्या सेटमधला ओरिजनल पार्ट काढून डुप्लिकेट टाकला, असं मी चारचौघांत सांगितलं. एकजण म्हणाला, उस्ताद तसला माणूस न्हाई. लगेच दुसरा म्हणाला, "अप्पाचा कान हाय, चुकायचा न्हाई." हे ऐकून मला गुदगुल्या झाल्या, हे कबूल करतो. पुढच्या महिन्यात देवळाचा अॅम्प्लिफायर दुसऱ्या दुकानात गेला. मग मांडववाल्याचा गेला. उस्ताद माझ्या दुकानावरून जाताना समोर बघून चालायला लागला, आणि मी समजलो की चोराला लाज वाटायलीय.

मग एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, सेटवरचा लाल दिवा विझला, शेजारचा कूलर बंद पडला. गाणं थांबलं. शीळ थांबली नाही.

मी आधी बोर्डाजवळ जाऊन सेटची पिन उपसली. शीळ चालूच. स्पीकरला कान लावला, तिथंही शीळ. डाव्या सवतीला, उजव्या सवतीला, दोघींनाही. माझ्या मनात भलतंच आलं, म्हणून स्वयंपाकघरात जाऊन गव्हाच्या कोठीला कान लावला. कोठीही शीळ घालत होती. मग डाळीचा डबा, मग साखरेचा. साखरेच्या डब्यापाशी बायको उठून आली.

"आवो, डब्याला कान लावून काय ऐकायलात?"

मी म्हणालो, मुंग्या लागल्यात का बघतोय. तिनं डबा जागेवर सरकवला. मग हळूच म्हणाली, "सेट बंद हाय. लाइट न्हाई." तिला सगळं कळलं होतं, आणि तिनं टोमणा मारला नाही याचीच मला भीती वाटली.

कानाच्या डॉक्टरकडं तीच घेऊन गेली. तिथं काचेच्या खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि बारीक आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मशीन चालवणारी मुलगी काचेपलीकडं समोरच होती. तिचा खांदा हलला की मी बटण दाबायचो. असं माझं फार छान चाललं होतं. पण बाहेर बसलेल्या बायकोनं त्या मुलीला काहीतरी सांगितलं आणि मुलगी पाठ करून बसली. त्यानंतर मी बटण फारसं दाबलं नाही. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज ऐकायची ताकद वयानं आणि जन्मभराच्या ठोकाठोकीनं गेलीय, आणि ही शीळ तुमच्या कानातलीच आहे. ती जाणार नाही, सवय करून घ्या.

बाहेर रिक्षात बसताना मला शिळेचं काही वाटत नव्हतं. मला उस्ताद दिसत होता, चार स्क्रू आवळताना. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, आणि इथं तर चोर माझ्याच डोक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटलेला. फार लाज वाटली. पण लाज वाटली तरी लबाडी काही सुटत नाही. मी निमित्ताला सेट गाठोड्यात बांधून उस्तादाच्या दुकानी गेलो. तिथं दुसरं कुणी नाही हे बघून म्हणालो, "उस्ताद, शीळ आपोआपच गेली बघ. मागचं सोडून दे."

"आपोआप?"

त्यानं हातातली डाग द्यायची कावी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट बघितलं. मला दम धरवेना. लाइट गेल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळं सांगितलं. साखरेचा डबा तेवढा गाळला. "चुकलं माझं," असंही म्हणालो. त्यानं ऐकून घेतलं.

"अप्पा, बदनामी चारचौघांत केली," तो म्हणाला, "आन माफी माझ्या एकट्याच्या कानात सांगायलाव?"

मी सेटचं गाठोडं उचलून घरी आलो. हॉटेलात जाऊन बोलायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. उस्तादाचं नाव धुऊन निघणार होतं, पण ज्या कानावर चाळीस वर्षं लोकांनी डोळे झाकून भांडी नेली तो कान तिथंच संपणार होता. चार दिवस मी हॉटेलाकडं फिरकलो नाही. चहा घरीच प्यायलो. बायकोनं चौथ्या दिवशी चहा केलाच नाही. साखर संपली म्हणाली. डब्यात पाच किलो होती.

मग गेलो. सगळे जमले होते. कप हातात घेण्याआधीच बोललो, नाहीतर बोललोच नसतो. "उस्तादानं काय काढलेलं न्हाई. सेट चांगला हाय. माझे कान गेलेत." मग एकानं विचारलं, "म्हंजी औंदा तुमी वाजवून दिलेली भांडी, अप्पा?" त्यावर जे हसले ते चांगले पोटभर हसले. मीही हसलो. न हसून कुणाला सांगणार?

त्या आठवड्यात देवळाचा अॅम्प्लिफायर उस्तादाकडं परत गेला. आणि दुकानात एका गिऱ्हाइकानं तांब्याची घागर निवडली. मी सवयीनं बोट पुढं केलं. तो अगदी अदबीनं म्हणाला, "असू द्या, अप्पा," आणि माझ्या मुलाला घागर पाण्यानं भरून दाखवायला सांगितली. मी बोट खिशात घातलं. घरी येऊन जेवलो नाही. चाळीस वर्षं एका थेंबाची चूक केली नव्हती, आणि आता माझ्या जागी पाणी साक्ष देत होतं.

दोन दिवसांनी ऐन दुपारी दारात उस्ताद उभा. हातात पेचकस. बोलावलं नव्हतं. मी उठलो तर बसा म्हणून खुणावलं, पलंगाच्या कडेला टेकला आणि म्हणाला, "लावा."

मी भजनांची कॅसेट लावली. त्यानं बारीक आवाजाचं, ट्रेबलचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. "आता?" मी नाही म्हणून मान हलवली. त्यानं झाकण उघडलं, आत काहीतरी फिरवलं. "आता?" अजून नाही. "आता?" असं करत करत एका क्षणी गाणारीचा एकेक शब्द सुटा झाला. शीळ होतीच, पण मागं सरकून बसली. वर्षभरानं मला गाणं गाण्यासारखं ऐकू आलं. डोळे भरून आले, ते मी पुसले नाहीत.

आतून बायको ओरडली, "आवो, बारीक करा की, डोकं फुटायलंय," आणि तिनं स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. उस्तादाचं तोंड कच्ची चिंच खाल्ल्यासारखं झालं होतं.

"तुला कसं वाटायलंय?" मी विचारलं.

"लई चांगलं हाय, अप्पा," तो म्हणाला, आणि दोन्ही कानांत बोटं घालून गाणं संपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिला.